पेट्रोल घ्यायची की डिझेल? शोरूमला जायच्या आधी महिनाभर हे करा

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला वाद याच्यावरच होतो आणि प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे सासरे म्हणाले गाडी म्हणजे डिझेलच, शेजारचे काका म्हणाले आता डिझेलचे दिवस गेले, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने सीएनजी सुचवली आणि शोरूमवाल्याने जी यार्डात तयार उभी होती ती. शेवटी २०२१ ला आम्ही डिझेल घेतली, तीन वर्षं वापरली आणि २०२४ ला विकून पेट्रोल घेतली. त्या तीन वर्षांत जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण पगारावर चालणाऱ्या घराला दीड-दोन लाख म्हणजे लहान रक्कम नाही आणि आम्हाला तेव्हा हे कुणी नीट बसून सांगितलं असतं तर बरंच नुकसान टळलं असतं.

सगळे विचारतात महिन्याला रनिंग किती. प्रश्न बरोबरच आहे पण अर्धा आहे. दुसरा अर्धा प्रश्न असा की एकदा गाडी चालू केली की बंद करेपर्यंत ती किती लांब जाते आणि कुठल्या स्पीडने. हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, शोरूममध्ये तर नाहीच, आणि आत्ताच्या डिझेल गाड्यांचं सगळं यावरच अवलंबून आहे. का ते खाली सांगते.

आधी थोडं जुनं, कारण घरातल्या मोठ्यांचं डिझेलप्रेम तिथून आलंय आणि ते तेव्हा अगदी बरोबर होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ च्या वर होतं आणि डिझेल ४१ च्या आत, म्हणजे लिटरमागे ३२ रुपयांचा फरक, वर डिझेल गाडी अ‍ॅव्हरेज पण जास्त द्यायची, मग कोण कशाला पेट्रोल घेईल. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव पण सरकारने बाजारावर सोडले (पेट्रोलचे २०१० लाच सोडले होते) आणि फरक कमी होत गेला. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आले, डिझेलचा धूर साफ करायला महागडी यंत्रणा लावणं भाग पडलं, छोट्या गाडीत तो खर्च बसेना, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या विकणंच बंद केलं, पुढे होंडानेही २०२३ ला केलं. स्विफ्ट डिझायर डिझेल ज्यांनी दहा दहा वर्षं वापरली त्यांना अजून तीच गाडी डोळ्यासमोर असते, पण ते इंजिन आता नव्या गाडीत मिळत नाही आणि आत्ताची डिझेल गाडी ही तशी गाडी नाही. घरात वाद घालण्याआधी हे एकदा शांतपणे सांगून बघा, आमच्या सासऱ्यांना पटायला वेळ लागला पण पटलं.

आता महिनाभर काय करायचं. एक वही घ्या, मोबाइलमध्ये नोट केली तरी चालेल, आणि घरात आत्ता जी काही गाडी किंवा स्कूटर असेल, किंवा रिक्षा, त्याची प्रत्येक फेरी लिहा. किती किलोमीटर, किती मिनिटं लागली, किती जण होतो. एवढंच. अंदाजाने सांगू नका कारण आपला अंदाज नेहमी जास्त येतो, मी विचारलं तर नवरा म्हणाला महिन्याला बाराशे तरी होतील आणि मी नंतर मोजलं तर सातशेच्या आसपास भरले. माझी वही अशी होती: सिंहगड रोडवरून मुलीच्या शाळेत साडेचार किलोमीटर, सोडून परत घरी, दुपारी पुन्हा आणायला, म्हणजे दिवसाचे १८ आणि महिन्याचे २२ दिवस धरले तर ३९६. त्यात मंडई, दवाखाना, आईकडे जाणं मिळून दीडशे. आणि दोन महिन्यांतून एकदा कराडला गावी, जाऊन येऊन सव्वातीनशेच्या वर. नवरा हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी बहुतेक मीच चालवते.

आकडे नुसते बघितले तर वाटतं ठीक आहे, थोडी कमी पळते एवढंच. पण त्या वहीत दुसरी गोष्ट दिसते. शाळेची फेरी साडेचार किलोमीटरची असली तरी ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं लागतात आणि त्यात एकदाही गाडी साठच्या वर टिकत नाही, दिवसातून चार वेळा चालू-बंद, आणि अख्ख्या महिन्यात गाडी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळाली असं एकदा, फार तर दोनदा. इथे डिझेलचं गणित बिघडतं.

डिझेलच्या धुरात काजळी असते. बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो ही काजळी अडवून साठवतो. साठवून साठवून भरला की गाडी स्वतःच तो फिल्टर तापवून आतली काजळी जाळून टाकते, त्यासाठी आतलं तापमान सहाशे डिग्रीच्या आसपास जावं लागतं आणि ते जायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग साठच्या वर पळावी लागते. हायवेवाल्याला हे कधी कळतही नाही, त्याचा फिल्टर जाता जाता साफ होतो. शहरात मात्र गाडीने जाळायला सुरुवात केली की आपण शाळेच्या गेटपाशी चावी फिरवून बंद करतो, परत चालू केली की परत सुरुवात, परत बंद. जाळण्यासाठी जे जास्तीचं डिझेल इंजिनात सोडलेलं असतं त्यातलं थोडं खाली ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, आणि फिल्टर आहे तसाच भरलेला राहतो.

मला आधी काही कळायचं नाही. कधी कधी सिग्नलला उभं असताना इंजिनचा आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा वाटायचा, गाडी बंद केली तरी पुढचा पंखा मिनिटभर घोंघावत राहायचा, आणि गरम लोखंडासारखा वास यायचा. मला वाटायचं उन्हामुळे असेल. नंतर समजलं की तेव्हा गाडी फिल्टर जाळत होती आणि मी दर वेळी मध्येच बंद करत होते. वर्ष-सव्वा वर्षाने मीटरवर एक पिवळा दिवा लागला, चौकोनी डबी आणि तिच्यात ठिपके असं चित्र. मी घाबरून कराडला धाकट्या दिरांना फोन केला, त्यांच्याकडे पण डिझेलच आहे. ते म्हणाले, "वहिनी, घाबरू नका, आज रात्री हायवेला काढा, चौथ्या गिअरमध्ये दोन हजाराच्या वर आरपीएम (म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे) ठेवून अर्धा तास चालवा, मध्ये बंद करू नका." रात्री दहाला मुलीला मागे झोपवून आम्ही दोघं खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो, येताना दिवा विझला. त्या वेळी बरं वाटलं पण दर महिन्या-दोन महिन्यांनी हेच करायला लागलं, निव्वळ गाडीचा फिल्टर साफ करायला रात्रीचा हायवे. नंतर एकदा दिवा तसा विझलाच नाही, वर्कशॉपला नेली, त्यांनी लॅपटॉप जोडून जबरदस्तीने फिल्टर जाळला, ऑईलची पट्टी काढून दाखवली तर ऑईल खुणेच्या वर गेलेलं, म्हणजे डिझेल मिसळलेलं, ते सगळं बदललं. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, कारण दोष गाडीत नाही, वापर तसा आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांचं ते बरोबरच होतं, मला वाईट याचं वाटलं की गाडी विकताना हे कुणी एका वाक्यात सांगितलं नाही.

तेच माझे दीर बघा, त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, आठवड्यातून चार दिवस कराड-कोल्हापूर, कधी सांगली, कधी सातारा, गाडी एकदा निघाली की ७०-७५ किलोमीटर थांबत नाही. त्यांच्या मीटरवर तो दिवा एकदाही लागलेला नाही. महिन्याला अडीच हजाराच्या पुढे रनिंग आहे आणि डिझेल त्यांना खरोखर परवडते, त्यांनी पेट्रोल घ्यावी असं मी कधीच म्हणणार नाही. इंजिन दोघांचंही दीड लिटरचं डिझेलच होतं, फरक फक्त फेऱ्यांचा.

तर वहीत पहिल्यांदा हे शोधा की तुमची गाडी आठवड्यातून निदान एक-दोनदा अर्धा तास मोकळी पळणार आहे का. नसेल तर डिझेल सोडून द्या, पुढचं गणित करायची गरजच नाही. असेल तर मग पैशाचं गणित करा, आणि ते शोरूमच्या किमतीवर करू नका, ऑन-रोडवर करा. इथे बरेच जण फसतात. सेल्समन सांगतो फक्त एक लाख चाळीस हजाराचा फरक आहे मॅडम, पण महाराष्ट्रात रोड टॅक्स डिझेलला पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे. दहा लाखापर्यंतच्या गाडीला पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३, दहा ते वीस लाखाला १२ आणि १४, त्याच्या वर १३ आणि १५. समजा पेट्रोल ११ लाखाला आहे आणि तीच गाडी डिझेलमध्ये १२ लाख ४० हजाराला, तर टॅक्स होतो १,३२,००० आणि १,७३,६००, म्हणजे ४१,६०० रुपये नुसते टॅक्समध्ये वाढले. गाडीची किंमत जास्त म्हणून इन्शुरन्स पण थोडा जास्त, पाचेक हजार धरा. झाला १ लाख ८७ हजाराच्या आसपास फरक. आणि पेट्रोल दहाच्या आत, डिझेल दहाच्या बाहेर असेल तर अजून वाईट, तिथे ११ टक्क्यांवरून सरळ १४ वर उडी जाते. म्हणून दोन्हीचं लेखी कोटेशन एकाच दिवशी, एकाच व्हेरियंटचं घ्या, सनरूफवाली डिझेल आणि साधी पेट्रोल अशी तुलना करून काही हाती लागत नाही.

आता रोजचा खर्च. मी पेट्रोल १०४ आणि डिझेल साडेनव्वद धरतेय, तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव टाका, गोव्यात आणि इथे फरक आहे. अ‍ॅव्हरेज कंपनीचं कधीच धरू नका. क्रेटाचंच बघा, साध्या दीड लिटर पेट्रोल मॅन्युअलला कागदावर १७.४ आणि डिझेल मॅन्युअलला २१.८ आहे, पण पुण्यासारख्या ठिकाणी एसी लावून ते कुठे मिळतं. शहर आणि हायवे मिळून मी पेट्रोलला साडेबारा आणि डिझेलला साडेसोळा धरते. पेट्रोल पडलं किलोमीटरला ८ रुपये ३२ पैसे, डिझेल ५ रुपये ४८ पैसे, वाचले २ रुपये ८४ पैसे. १ लाख ८७ हजाराला २.८४ ने भागा, येतात जवळपास ६६ हजार किलोमीटर. म्हणजे ६६ हजार किलोमीटर होईपर्यंत डिझेल घेऊन तुम्ही एक रुपयाही वाचवलेला नसतो, फक्त आधी भरलेले पैसे हळूहळू परत मिळत असतात.

आणि फरक कर्जातून भरला असेल तर? बहुतेकांचा तसाच असतो. १ लाख ८७ हजार ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ३,८८० वाढतो आणि व्याज ४६ हजाराच्या घरात जातं, म्हणजे तेच ६६ हजार किलोमीटर आता ८२ हजार होतात. हे व्याज कुणी गणितात धरत नाही. सर्व्हिसिंग पण धरा, डिझेलला वर्षाला दोन-चार हजार जास्त लागतातच, डिझेल फिल्टर बदलावा लागतो, आणि डीपीएफवाल्या गाडीला मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल लागतं, कोपऱ्यावरच्या गॅरेजमधलं स्वस्त ऑईल घातलं की त्यातली राख फिल्टरमध्ये बसते आणि राख जळत नाही.

माझ्यासारखं महिन्याला सातशे-आठशे रनिंग असेल तर नुसता फरक वसूल व्हायला सात-आठ वर्षं जातात, तेही व्याज न धरता. महिन्याला दीड हजार असेल तर चार वर्षांच्या आसपास, आणि दिरांसारखं अडीच हजार असेल तर सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे फिटतात, पुढे सगळा फायदाच. दीड हजारवाल्यांनी खरा विचार करायचा असतो, बाकी दोघांचं उत्तर समोरच आहे. दीड हजारवाल्यांनी गाडी किती वर्षं ठेवणार ते आधी ठरवावं. पाच वर्षांत बदलायची असेल तर पेट्रोल घ्या, आठ-दहा वर्षं ठेवणार आणि हायवे भरपूर असेल तर डिझेल.

पैशाशिवायच्या पण गोष्टी आहेत आणि त्या मी कमी लेखत नाही. डिझेलची ताकद खालच्या आरपीएमलाच मिळते, पंधराशे-सतराशेला गाडी ओढायला लागते, त्यामुळे पाच माणसं, मागे गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं आणि एसी चालू असताना घाटात चढताना काही वाटतच नाही. कराडला जाताना खंबाटकीचा चढ मी डिझेलने चौथ्या गिअरमध्ये आरामात चढायचे, आताच्या साध्या पेट्रोलला तिथे तिसरा टाकावा लागतो, ट्रकच्या मागे अडकले की दुसरा, आणि इंजिन ओरडतं. सुरुवातीला मला भीती वाटायची की गाडीला त्रास होतोय, पण पेट्रोल इंजिन बनलेलंच आहे चार हजारापर्यंत फिरवायला, त्याला काही होत नाही, आपल्याला आवाजाची सवय व्हावी लागते. ज्यांना कुंभार्ली, आंबोली, अणुस्कुरा असे घाट नेहमीचे आहेत आणि गाडी भरलेली असते त्यांनी टर्बो पेट्रोल पण चालवून बघावी, ओढायला ती डिझेलच्या जवळ जाते, पण जोरात दाबली की पेट्रोल भरपूर पिते. दुसऱ्या बाजूला पेट्रोलचं इंजिन शांत असतं, थरथर कमी, क्लच हलका, बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला फार फरक पडतो, हे रोज चालवणाऱ्यालाच कळतं. म्हणून घरात जो रोज चालवणार आहे त्याचं मत सगळ्यात आधी विचारा. आमच्याकडे २०२१ ला सगळ्यांचं विचारलं आणि माझं शेवटी.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरच्या चौघांना बसवा, एसी फुल ठेवा आणि सेल्समनच्या ठरलेल्या सपाट रस्त्याऐवजी एखाद्या चढावर न्या. चढावर मध्येच थांबवून परत उचलून बघा, हाफ क्लचवर कशी उचलते ते. सकाळी पहिल्यांदा, इंजिन थंड असताना चालू करून बाहेर उभं राहून आवाज ऐका, डिझेल थंड असताना जो खडखडाट करते तो रोज पहाटे सोसायटीत ऐकायचाय. दोन्ही इंधनांची गाडी एकाच दिवशी एकापाठोपाठ चालवा, मध्ये आठवडा गेला की फरक लक्षात राहत नाही.

डीईएफबद्दल पण विचारा. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय युरियाचं पाणी घालावं लागतं, वेगळी टाकी असते, निळं झाकण. ते संपत आलं की गाडी आधी सांगते, पण अगदी संपून गेलं आणि तुम्ही बंद केली तर परत चालू होत नाही. खर्च फार नाही, पण लक्षात ठेवायची एक गोष्ट वाढली. आणि ते डिझेलच्या टाकीत कधीही, चुकूनही घालायचं नाही.

पेट्रोलवाल्यांनी पण एक गोष्ट बघायची, इथेनॉल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, त्यातलं काही इथेनॉल आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या उसातून होतं, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. नवी गाडी घेताना काळजी नाही, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. जुनी पेट्रोल घेणार असाल तर मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा. आणि ओळखीच्यांना अ‍ॅव्हरेज विचारताना ते हल्लीचं आहे ना ते विचारा, तीन-चार वर्षांपूर्वीचा आकडा आता लागू होत नाही.

कुणाची पेट्रोल आहे, कुणाची डिझेल, आणि "किती देते" विचारलं की लोक मीटरवरचा आकडा सांगतात. तो नको. टाकी पहिला कट पडेपर्यंत फुल करायला सांगा, ट्रिप शून्य करा, आठ-दहा दिवस वापरा, परत त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा. ३९६ किलोमीटर झाले आणि ३१.४ लिटर बसलं तर १२.६, हे खरं अ‍ॅव्हरेज. ज्याची फेरी तुमच्यासारखी आहे अशा माणसाला हे करायला सांगा, तो आकडा वरच्या गणितात टाका.

जीएसटीचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल १८ टक्क्यांत येते, बाकी ४० टक्के. म्हणजे चार मीटरच्या आतल्या गाडीतसुद्धा दीड लिटर पेट्रोल इंजिन असेल तर ती वरच्या टक्क्यात जाते, दीड लिटर डिझेल जात नाही. काही ठिकाणी यामुळे डिझेल-पेट्रोलचा फरक वाटतो त्यापेक्षा कमी निघतो, म्हणून परत तेच, कोटेशन हातात घेऊनच हिशोब करा. इन्शुरन्सचा थर्ड पार्टी भाग इंधनावर नाही, सीसीवर ठरतो, १००० ते १५०० एक गट आणि १५०० च्या वर दुसरा, आणि वरच्या गटात तो दुपटीहून जास्त होतो, मोठी दोन लिटर डिझेल घेणाऱ्यांनी हे बघावं.

सीएनजीचा विचार करायलाच हवा जर रनिंग भरपूर आहे पण सगळं शहरातलं. तिथे डिझेल चुकीची आणि पेट्रोल महाग पडते. फक्त डिकी किती उरते ते स्वतः उघडून बघा, गावी जाताना बॅगा कुठे ठेवणार. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि सकाळी रांग किती असते ते जाऊन बघा, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी लागते ती विसरू नका.

नोकरीमुळे दिल्ली-एनसीआरला बदली होण्याची शक्यता असेल तर डिझेल घेताना दहादा विचार करा. तिथे कोर्टाच्या आदेशाने डिझेलला १० वर्षांची आणि पेट्रोलला १५ वर्षांची अट आली, त्यात पुढे बदल होत राहिलेत, त्या वेळचा नियम बघूनच ठरवा. आपल्याकडे महाराष्ट्रात तशी अट नाही, दोन्हीचं आरसी १५ वर्षांचं.

जुनी डिझेल घेणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, कारण माझ्यासारख्यांनी विकलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. एक, कमी पळालेली डिझेल बघून खूश होऊ नका, चार वर्षांत पंचवीस हजार म्हणजे ती शाळेच्या फेऱ्यांची गाडी असणार, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये फिल्टर जबरदस्तीने जाळल्याची नोंद आहे का ते बघा. दुसरं, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून ऑईलची पट्टी काढा, ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर निघून या. तिसरं, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, बीएस-६ डिझेलचं बोट जवळपास स्वच्छ निघायला हवं, काळंकुट्ट निघालं तर फिल्टर आतून फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. आमची गाडी विकताना घेणाऱ्याला मी सगळी बिलं दाखवली आणि त्यांचं रनिंग विचारलं, ते रोज चाकण ते शिरूरच्या पुढे जाणारे होते, म्हटलं मग घ्या, तुमच्याकडे नीट राहील. थोडे पैसे कमी मिळाले, पण दिवा लागायची वाट बघत कुणाला गाडी देणं मला जमलं नसतं.

शेवटचं, गाडी घरी आल्यानंतरचं. डिझेलची सवय असलेल्या घरात पेट्रोल आली किंवा उलटं, तर पहिले दोन महिने पंपावर चूक होण्याची शक्यता फार असते. गाडीत बसून काच अर्धी खाली करून "फुल कर" म्हणू नका, खाली उतरा, नोझल बघा, शून्य बघा. चुकीचं इंधन पडलंच तर गाडी चालू करायची नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही, ढकलून बाजूला घ्यायची आणि टोइंगवाल्याला बोलवायचं, टाकी रिकामी करून घेतली की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. डिझेल गाडीत पेट्रोल पडून ती चालवली तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात, तो खर्च फार मोठा आहे. आमच्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर सासऱ्यांनी स्वतः पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात पेट्रोल लिहिलंय, ते अजून तसंच आहे.